दुपारी पाहिलेले मैदान

आमच्या घरामागच्या मैदानावर क्रीडासंकुल उभे राहण्यापूर्वी तिथे कोणाचा पोटापाण्याचा व्यवसाय चालतो काय, याची पाहणी मी केली होती. आणि छापील नमुन्यातल्या त्या रकान्यात मी 'निरंक' असे लिहिले होते. म्हणजे कोणीही नाही. ते खोटे आहे, हे लिहिताना मला माहीत होते. जवळजवळ सात वर्षे मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, पत्नीलाही नाही. ज्या बाईंचे नाव त्या रकान्यात यायला हवे होते, त्यांच्या हातचे पोहे मी त्या दिवशी सकाळीसुद्धा खाल्ले होते.

मी अर्थशास्त्र शिकवतो. जबलपूरच्या मदन महल भागात राहतो आणि शहरातल्या एका खासगी महाविद्यालयात पंचवीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करतो आहे. वडील केंद्र सरकारच्या कार्यालयात होते, आजोबांचीही नोकरी जबलपूरचीच. त्यामुळे आमची मराठी घरात बोलायची भाषा आहे. दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी. माझ्या मुलाला मराठी नीट कळते, पण उत्तर तो हिंदीत देतो, आणि दोन वाक्यांनंतर मीही हिंदीत शिरतो. हे सांगायचे कारण एवढेच, की मैदानावर सकाळी पोहे विकणाऱ्या त्या बाई पांढुर्ण्याकडच्या होत्या, आणि घराबाहेर मी रोज ज्यांच्याशी मराठी बोलत असे अशा त्या एकट्याच होत्या. बाकी सगळे त्यांना 'दीदी' म्हणत. मी 'ताई' म्हणत असे. वयाने त्या माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात.

"काहून सर, आज उशीर केला? तर्री संपून राहिली."

"पेपर तपासत बसलो होतो, ताई."

"किती पोरं पास केली?"

"अजून ठरवलं नाही."

"मंग आधी पोटभर खाऊन घ्या. उपाशी माणूस साऱ्यायले नापासच करते."

तर्री म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा. नागपूरकडे तो पोह्यांवर ओततात. जबलपूरची माणसे पोह्यांबरोबर जिलबी खातात, म्हणून ताई तर्री एका लहान पातेल्यात वेगळी आणीत, मागणाऱ्यांपुरती. मी मागणाऱ्यांपैकी होतो.

त्या मैदानाचा एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. फार पूर्वी तिथे एक वृद्ध प्रशिक्षक मुलांना हॉकी शिकवीत. त्यांनी ताईंना आणि आणखी चार-पाच विक्रेत्यांना पश्चिमेच्या भिंतीकडेला बसू दिले, ते एका अटीवर: दहा वाजता उठायचे, आणि उठताना जागा अशी करून जायची की इथे कोणी बसले होते हे कळू नये. दुपारनंतर मुले अनवाणी खेळायची. त्यांच्या पायाखाली खडा, कोळसा, काडी काही येता कामा नये. प्रशिक्षक वारले, नियम राहिला. ताई शेगडी उचलत, तिच्याखालच्या चार विटा गोणपाटात गुंडाळून घरी नेत, सांडलेली शेव आणि कागद झाडूने गोळा करीत, आणि शेवटी तांब्याने पाणी शिंपडून तळहाताने माती सपाट करीत. चहावाला, मोड आलेले मूग विकणारा, बूट शिवणारा, सगळे तेच करीत. या कामाचा त्यांना अभिमान होता. मुगवाल्याने एकदा दोन द्रोण मागे टाकले, तर ताईंनी साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असे सुनावले, "भैया, ये मैदान है, तुम्हारी ससुराल नहीं कि खाया और उठ गए."

मुगवाला लाजून परत आला आणि त्याने तिसऱ्याच कोणाचा एक कागदही उचलून नेला.

संकुलाचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर लागला तेव्हा अहवाल तयार करण्याचे काम एका सल्लागार संस्थेकडे गेले. तिथे माझा एक जुना विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर होता. 'स्थानिक अर्थव्यवस्थेवर होणारे परिणाम' हे प्रकरण मी लिहावे आणि जोडीला जागेची लहानशी पाहणी करून द्यावी, असे त्याने सुचवले. मला ते मानाचे वाटले. इतकी वर्षे मी फळ्यावर बाण काढून शिकवीत आलो होतो, की एका ठिकाणी खर्च केलेला पैसा दुसऱ्याची कमाई होतो, त्याचा खर्च तिसऱ्याची, आणि अशा रीतीने मूळ रकमेच्या कितीतरी पट उलाढाल होते. आता तेच माझ्या घराच्या गच्चीवरून दिसेल अशा अंतरावर घडणार होते. मी ते प्रकरण मनापासून लिहिले. बांधकामात मजुरांना काम, नंतर खेळाडूंची वस्ती, खोल्यांना मागणी, क्रीडासाहित्याची दुकाने, खाद्यव्यवसायाला चालना. त्यातले एकही वाक्य मी फसवणुकीच्या हेतूने लिहिले नाही.

पाहणी मात्र मी दुपारी केली. माझे तास एक वाजेपर्यंत असत, हे कारण खरे होते आणि सोयीचेही होते. चैत्रातले ऊन होते. अडीचच्या सुमारास मी नमुना आणि पेन घेऊन मैदानावर उभा राहिलो. लिंबाखाली एक कुत्रे झोपले होते. पलीकडे मदन महलच्या टेकडीवरचे काळे खडक तापून पांढरट दिसत होते. भिंतीशी मातीचा एक चौकोन आजूबाजूच्या मातीपेक्षा किंचित गुळगुळीत होता. तो कोणाच्या तळहाताचा आहे हे मला ठाऊक होते.

मी तिथूनच विद्यार्थ्याला फोन केला.

"सकाळी इथे काही लोक बसतात," मी त्याला हिंदीत सांगितले.

"सर, सुबह का किसने पूछा है? कॉलम पढ़िए. निरीक्षण के समय कौन मिला?"

"अभी तो कोई नहीं."

"तो निरंक. सर, आप तो जानते हैं, एक भी नाम आया तो उसका पुनर्वास, उसकी सुनवाई, फिर आपत्ति, फिर आपत्ति का निराकरण. साल भर की छुट्टी. निरंक आ गया तो फाइल दौड़ेगी."

मी लिंबाच्या सावलीत बसून तो शब्द लिहिला आणि खाली सही केली.

असे का केले, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. संकुल लवकर झाले तर या लोकांचाच फायदा होईल, अशी समजूत मी त्या वेळी घालून घेतली होती. ती अगदीच खोटी नव्हती. विद्यार्थ्यासमोर अडवणूक करणारा म्हातारा ठरण्याचा संकोचही वाटला. परंतु या दोहोंच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगायला मला अजून जड जाते. सकाळी नमुना घेऊन गेलो असतो तर मला ताईंपुढे उभे राहून त्यांचे नाव विचारावे लागले असते. इतक्या वर्षांत ते मी विचारले नव्हते. पोहे खाणारा सर आणि कागद घेऊन आलेला माणूस, या दोघांना एकाच वेळी त्यांच्यासमोर उभे करण्याची माझी तयारी नव्हती.

पुढे जे घडले त्याबद्दल मी न्यायाने लिहायला हवे. माझ्या प्रकरणातली बरीचशी भाकिते खरी ठरली.

मैदानाला पत्र्याचे कुंपण पडले आणि ताई कुंपणाबाहेर आल्या. बांधकामावरचे मजूर सकाळीच पोटभर खाऊन कामाला लागत, तेव्हा दोन वर्षे त्यांचा धंदा पूर्वीपेक्षा चांगला चालला. त्यांनी दुसरी शेगडी घेतली. एकदा त्या मला म्हणाल्या, "सर, हे स्टेडियम बांधतच राहिलं पाहिजे. पुरं नाही झालं तरी चालते." मी हसलो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे निरीक्षण अचूक होते: बांधकामाची कमाई बांधकामापुरतीच असते, हे वाक्य मी वर्गात सांगत असे, अहवालात ते मी फार लहान अक्षरांतल्या टिपेत घातले होते.

संकुल पुरे झाले. निळ्या रंगाचे कृत्रिम हॉकी मैदान, बंदिस्त सभागृह, तरणतलाव, आणि समोर लोखंडी फाटक. मजूर दुसऱ्या शहरात गेले. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी मासिक पास निघाला. तेव्हा निवृत्त मंडळींपैकी निम्मी गल्लीतच फेऱ्या मारू लागली आणि उरलेल्यांनी फिरणे सोडले. गल्लीचे रूप दोन वर्षांत पालटले. क्रीडासाहित्याचे दुकान आले, दोन व्यायामशाळा आल्या, ज्यूस सेंटर आले. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या गाळ्याचे भाडे वाढले आणि तो गेला. त्याच्या जागी मोबाइलवरून मागवलेले जेवण पोहोचवणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. कृत्रिम मैदानावर जे बूट चालतात ते शिवायचे नसतात, चिकटवायचे असतात, आणि चिकटवण्यापेक्षा नवे घेतात. म्हणून बूट शिवणारा सिहोऱ्याला आपल्या भावाकडे परतला असे कळले. चहावाला स्टेशनच्या बाजूला गेला. संकुलातले उपाहारगृह निविदा काढून बाहेरच्या एका कंपनीला मिळाले. तिथले पोहे कागदी डब्यात, काट्यासकट मिळतात. मी ते खाल्ले आहेत. वाईट नसतात.

फायदा झालेल्यांत मीही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वरच्या मजल्याच्या दोन खोल्या पूर्वी रिकाम्या पडून असत. आता तिथे कुंडमकडच्या दोन मुली राहतात. दोघी हॉकी खेळतात आणि पहाटे जिन्यावरून इतक्या हलक्या पावलांनी उतरतात, की गेल्या हे फक्त फाटकाच्या कडीवरून कळते. त्यांच्या जेवणाचा डबा ताई देतात.

कारण ताईंना फाटकासमोर बसता येईना. पहारेकरी म्हणे, "दीदी, गेट के सामने नहीं." थोडे पलीकडे बसले तर वाहनतळाचा ठेकेदार हटवी. स्पर्धा असली की रस्ता मोकळा करणारी गाडी येई आणि एकदा तिने त्यांचे मोठे पातेले नेले. तेव्हा त्यांनी घरून डबे सुरू केले. उत्पन्न बरे होते असे त्याच सांगत. परंतु एकदा माझ्या अंगणात डबे मांडता मांडता त्या म्हणाल्या, "डब्यात मजा नाही जी. कोणी खाल्लं, कसं तोंड केलं, काहीच दिसत नाही. रिकामा डबा येते परत, बस. थो काय बोलते?"

मैदान सोडल्यावर त्या मला रोज, माझ्याच दारात दिसू लागल्या. हे माझ्या अहवालात कुठेही नव्हते.

संकुलाच्या प्रेक्षागाराखाली सहा लहान गाळे बांधले होते. पाहणीत नाव असलेल्या जुन्या विक्रेत्यांना ते द्यायचे, अशी मूळ योजनेत तरतूद होती. पाहणीत नाव कोणाचेच नव्हते. तेव्हा गाळ्यांची निळी शटरे तशीच खाली ओढलेली राहिली. त्यांवर एक ते सहा असे आकडे रंगवले होते. ताईंना ही तरतूद कोणाकडून तरी समजली आणि त्या एका सकाळी डब्यांची पिशवी खाली ठेवून माझ्या बैठकीच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, एक अर्ज लिहून द्या ना. दोन नंबरचं शटर बरोबर माह्या जाग्यावर आहे. वरून पाहिलं मी, तुमच्या गच्चीवरून. भिंत पाडली, पण लिंब आहे ना अजून. लिंबापासून सात पावलं."

मी अर्ज लिहून दिला. उत्तम हिंदीत लिहिला, 'विनम्र निवेदन है' असा आरंभ करून. अर्ज करणारीचे नाव लिहायचे होते, म्हणून त्या दिवशी मी त्यांना त्यांचे नाव विचारले. त्यांनी सांगितले आणि हसून म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी?"

उत्तर दीड महिन्याने आले: सर्वेक्षण सूचीत नाव नाही. त्या उत्तराचा कागद घेऊन त्या पुन्हा आल्या, मी पुन्हा अर्ज लिहिला, त्यात विनंती अधिक सविस्तर केली. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या अर्जाच्या वेळी त्या खुर्चीवर बसल्या आणि माझ्या लेखणीकडे पाहत त्यांनी विचारले,

"हे सर्वेक्षण केलं कोणं, सर? आंधळा होता काय थो?"

"दुपारी आला असेल," मी म्हणालो.

"मंग दुपारी काहून आला? पोहे काय दुपारी खातात?"

मी लिहीत राहिलो. तो अर्ज माझ्या तिन्ही अर्जांत सर्वांत चांगला उतरला होता, हे मला नीट आठवते. तो फेटाळला जाणार हे लिहितानाच ठाऊक असल्यामुळे मी त्यात जास्तीत जास्त कळकळ ओतली होती. माझ्या दोन अपराधांपैकी हा दुसरा मला अधिक खालच्या दर्जाचा वाटतो. दुपारी मी जो शब्द लिहिला तो एकदाच लिहिला. अर्ज मी तीनदा लिहिले, आणि दर वेळी त्यांनी माझे आभार मानले. तिसऱ्या वेळी लहान डब्यातून तर्री आणून दिली. ती मी खाल्ली.

यंदा हिवाळ्यात त्या गाळ्यांचा प्रश्न पुन्हा निघाला. शटरे गंजू लागली म्हणून असेल, किंवा कोणा नव्या अधिकाऱ्याने फाइल उघडली म्हणून असेल. जुन्या व्यवसायाचा पुरावा आणतील त्यांची सुनावणी होईल, अशी सूचना लागली. सूचनेचे कळताच ताई तडक माझ्याकडे आल्या.

"पुरावा म्हणजे काय लागते?"

"पावती, परवाना, फोटो... त्या जागी बसत होता हे दाखवणारं काहीही."

"फोटो?" त्या म्हणाल्या. "तवा पोह्याचे फोटो कोण काढे जी? आता काढतात. आधी फोटो, मंग थंडे पोहे खातात."

पावती नव्हती, परवाना कधी कोणी मागितला नव्हता. जागेवर एखादी वीट राहिली असती, भिंतीवर धुराचा काळा डाग राहिला असता, तर तेवढे तरी झाले असते. परंतु आपण बसलो होतो याची खूणच मागे ठेवायची नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे इतक्या चोखपणे पाळले होते, की त्यांच्या तिथे असण्याचा पुरावा आता फक्त खाणाऱ्यांच्या आठवणीत होता.

"तुम्हीच चला," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज खायचे ना? साहेबाले सांगा. कॉलेजचे सर म्हटल्यावर ऐकतेच थे."

मी येतो म्हणालो.

नंतरच्या रविवारी सकाळी मी कपाटातून अहवालाची प्रत काढली. मुखपृष्ठावर सल्लागार संस्थेचे नाव होते. माझे नाव आत, परिशिष्टातल्या नमुन्याखाली, पुसट आलेल्या सहीच्या रूपात. ती सही कोणाला वाचता आली नसती. म्हणजे रोजचे गिऱ्हाईक एवढ्याच नात्याने साक्ष देऊन मी मोकळा होऊ शकत होतो. ताईंचे काम कदाचित झाले असते आणि त्यांच्या मनातली माझी जागा आणखी वर गेली असती. हा मार्ग मी बराच वेळ विचारात घेतला. तो सोडण्याचे कारण उदात्त नव्हते. नुसत्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर लेखी सर्वेक्षण रद्द होत नाही; आणि ते सर्वेक्षण खोटे आहे असे खात्रीने सांगू शकणारा माणूस एकच होता. मी टेबलाशी बसून चौथा अर्ज लिहिला. तो माझ्या स्वतःच्या नावाने होता आणि लांबीने सर्वांत लहान.

सुनावणी एका कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होती. अधिकारी तरुण बाई होत्या, बोलणे थोडके. ताई इस्त्री केलेली साडी नेसून आल्या होत्या आणि खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या. त्यांनी जे सांगायचे ते हिंदीत सांगितले: किती वर्षे, कुठे, लिंबापासून किती पावले. मग अधिकारी माझ्याकडे वळल्या.

"आप इनके ग्राहक थे?"

"जी. रोज का." मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. "और वह सर्वेक्षण मैंने ही किया था. परिशिष्ट में दस्तख़त मेरे हैं."

त्यांनी फाइल उघडून परिशिष्ट काढले, सही पाहिली, मग माझ्या कागदावरची सही पाहिली.

"तो निरंक आपने लिखा?"

"जी."

"और उसी दिन सुबह आपने इन्हीं के यहाँ नाश्ता किया था, आप यह लिख रहे हैं."

"जी, हाँ."

"सर, आप पढ़ाते क्या हैं?"

"अर्थशास्त्र."

त्यांनी माझे निवेदन फाइलला जोडून घेतले आणि म्हणाल्या, की यादीत नाव चढवते आहे; गाळा द्यायचा की नाही हे समिती ठरवील. त्यावर त्यांनी ताईंचा अंगठा नव्हे, सही घेतली. ताईंना सही येत होती, हे मला त्या दिवशी समजले. माझ्या तिन्ही अर्जांवर मी 'अंगूठा निशानी' अशी जागा सोडली होती आणि त्यांनी मला न दुखवता तिथे सही केली असणार.

हे लिहीपर्यंत समितीचा निर्णय झालेला नाही. शटर क्रमांक दोन खाली ओढलेलेच आहे. सल्लागार संस्थेतल्या माझ्या विद्यार्थ्याने एकदा फोन करून "सर, यह आपने क्या कर दिया" एवढेच विचारले आणि त्यानंतर फोन केला नाही.

सुनावणीच्या दिवशी बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होते. ताई तिथे बसल्या आणि पिशवीतले कागद एकाखाली एक लावू लागल्या. मी उभा होतो. जिन्यावरून माणसे वर-खाली करीत होती. मान वर न करता त्यांनी विचारले,

"थे तीन अर्ज तुम्हीच लिहिले ना? हातानं?"

"हो."

"अक्षर चांगलं आहे तुमचं."

त्यांनी कागदांची घडी घातली.

"मी इचारलं होतं तुम्हाले, आंधळा होता काय म्हणून. तवाबी लिहूनच राहिले होते तुम्ही."

"हो."

"पोरींचा डबा तर मी देईनच," त्या म्हणाल्या. "पोरींचा काही गुन्हा नाही." कागदांची घडी त्यांनी पिशवीत ठेवली आणि तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिले. "आत साहेबाले सांगितलं, थे ऐकलं मी. थे साहेबाले झालं. मले काय सांगता, थे सांगा."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आतले सगळे मी हिंदीत बोललो होतो, आणि ते बोलणे मी घरी चार वेळा म्हणून पाहिले होते. हे म्हणून पाहिलेले नव्हते.

"ताई," मी म्हणालो, "तुम्ही तिथं बसता हे मला माहीत होतं. तुमच्या हाताची माती मी त्या दुपारी पाहिली, आणि तरी कोणी नाही असं लिहिलं. मग तुमचे अर्ज लिहिले आणि तुमच्याकडून आभार घेतले. माझं चुकलं. तुम्ही माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही, पण मी माफी मागतो."